ईशापूरची रायफल आणि ओहायोतला लिलाव

अमेरिकेत बंदूक ऑनलाइन मिळते, हे अर्धंच खरं आहे. बोली ऑनलाइन लागते, पैसे ऑनलाइन जातात. बंदूक मात्र कुणी दारात आणून ठेवत नाही. कुडाळच्या चुलतभावाला हे फोनवर समजावताना माझी दमछाक झाली. "म्हणजे ॲमेझॉनार मागवतत तशी बंदूक घराक येता?" हे त्यानं मला फिरूनफिरून विचारलं. त्याचाही दोष नाही. आमच्या काकांची बारा बोअरची एकनळी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहे. रानडुकरांमागे ते जेवढे धावले नसतील, तेवढे परवान्याच्या नूतनीकरणामागे धावलेत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि आचारसंहिता उठली की पुन्हा जाऊन आणायची. अशा घरातल्या माणसाला 'लिलाव जिंकला' म्हटलं की तो चक्रावणारच.

इथला प्रकार असा. विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल, तर १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमुळे बंदूक माझ्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे यावी लागते. त्याला सगळे 'एफएफएल' म्हणतात. लिलाव मिळाला की मी आमच्या दुकानदाराला कळवतो, तो आपल्या परवान्याची प्रत विकणाऱ्याला धाडतो आणि खोकं त्याच्या पत्त्यावर येतं. मग मी तिथं जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. खरा खरेदीदार तूच ना, असं त्यात विचारतात. दुसऱ्याच्या पैशांनी, दुसऱ्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे. गांजाचाही प्रश्न आहे. ओहायोनं २०२३ च्या नोव्हेंबरात मतदान करून गांजा कायदेशीर केला, पण मी भरला त्या फॉर्मवर ठळक छापलं होतं की राज्याचा कायदा काहीही म्हणो, केंद्राच्या लेखी तो बेकायदाच. आणि 'अमेरिकन नागरिकत्वाचा त्याग केला आहे का' हा प्रश्न आपल्यासारख्यांनी सावकाश वाचावा. आपण सोडलंय ते भारताचं नागरिकत्व. घाईत 'हो'वर खूण केलीत तर खरेदी तिथंच अडायची.

फॉर्म झाला की दुकानदार एफबीआयच्या निक्स यंत्रणेला, म्हणजे घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेला, विचारतो. ही यंत्रणा १९९८ पासून आहे. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा, देऊ नका. 'थांबा' आलं आणि कामाचे तीन दिवस काहीच उत्तर आलं नाही, तर कायद्यानं दुकानदाराला बंदूक देता येते. आमचा देत नाही. पक्कं उत्तर आल्याशिवाय खोक्याला हात लावू देत नाही, आणि मला ते पटतं.

एच-वन-बीवर असलेली मंडळी मला हटकून विचारतात, म्हणून सांगून टाकतो. त्या व्हिसावर साधारणपणे बंदूक घेता येत नाही. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट आहे, पण मी त्या वाटेला कधी गेलो नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावर सुरुवात केली. त्याआधी घरात भिंतीला बोल्ट मारलेली तिजोरी बसली, काडतुसांना वेगळं कुलूप आलं. ही बायकोची अट होती.

आता मूळ विषयाकडे. सावंतवाडीला कॉलेजात असताना एनसीसीत आम्ही थ्री-नॉट-थ्रीनं ड्रिल केलं. खांदा दुखेपर्यंत सलामी शस्त्र. त्या रायफली 'डीपी', म्हणजे फक्त कवायतीच्या. गोळीबारासाठी बाद केलेल्या. तेव्हापासून एक चालती, खरी रायफल हाताळायची इच्छा होती. पण भारतात थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला मिळतच नाही, तो प्रतिबंधित बोअर. पोलिसांकडे मात्र ती इतकी वर्षं टिकली की उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. आणि इकडे ओहायोतल्या ॲक्रनच्या आसपास राहणाऱ्या मला कळलं, की कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीचा माल अमेरिकेत लिलावात मिळतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरनं जुन्या ली-एनफिल्डचा, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचाच, आराखडा घेऊन ७.६२ नाटो काडतुसासाठी नवी रायफल बनवली: टू-ए, आणि मग टू-ए-वन. दोन्हींत ठळक फरक मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा. पहिलीवर अंतराचे २,००० पर्यंतचे आकडे, दुसरीवर ८०० पर्यंतचे. १९७० च्या दशकाच्या मध्याला उत्पादन थांबलं. नंतर सरप्लस म्हणून त्या इथं आल्या, तेव्हा मातीमोल भावानं गेल्या म्हणतात.

पुष्कळ अमेरिकन विक्रेते अजूनही लिहितात की ही 'थ्री-नॉट-थ्रीला भोक मोठं करून' केलेली रायफल आहे. साफ चूक. मुळात ७.६२ ची गोळी थ्री-नॉट-थ्रीपेक्षा किंचित बारीक असते, मग भोक मोठं कसं होईल? ही नवीन घडवलेली रायफल आहे, आणि वाढीव दाबासाठी पोलादही सुधारलेलं आहे. वर्णनातच हे वाक्य दिसलं की मी ओळखतो, विकणाऱ्यानं वस्तूचा अभ्यास केलेला नाही. ते माझ्या पथ्यावरही पडू शकतं.

ईबेनं १९९९ त बंदुका विकणं बंद केलं आणि त्याच वर्षी गनब्रोकर ही बंदुकांच्या लिलावाची वेबसाइट सुरू झाली. माझा बहुतेक वावर तिथंच. नवखे लोक बोलीच्या डावपेचांवर फार बोलतात. शेवटच्या सेकंदाला उडी मारायची वगैरे. तिथं ती उडी चालत नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी बोली लावली की लिलाव पंधरा मिनिटांनी पुढं सरकतो, आणि सगळे गप्प होईपर्यंत सरकत राहतो. मी आधीच आपला कमाल आकडा भरून जेवायला बसतो. त्याच्या आतल्या बोल्या यंत्रच लावतं. तो आकडा ठरवायचा तर झालेले लिलाव बघायचे, चालू असलेले नव्हेत. चालू लिलावात एखादा टू-ए-वनला हजार डॉलर मागत बसलेला असतो आणि महिनोन्‌महिने तसाच बसतो. विकली कितीला गेली, तो भाव खरा.

खरी मेहनत आहे ती जाहिरात वाचण्यात. मी कारखान्यात क्वालिटीत आहे, दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातली खोट शोधणं हाच माझा पगार. त्यामुळे असेल, पण मी फोटोत काय दाखवलंय यापेक्षा काय दाखवलेलं नाही ते आधी बघतो. बारा फोटो आहेत, त्यातले सात लाकडाचे, आणि नळीच्या तोंडाचा एकही नाही? का नाही? बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीवरचा, नंबर एकाच फोटोत मागायचे. ते जुळले नाहीत तर बोल्ट आणि काडतूस यांमधली जागा मोजणाऱ्या हेडस्पेस गेजनं तपासल्याशिवाय ती रायफल वाजवू नये. दस्त्याचं पुढचं लाकूड जिथं रिसीव्हरला टेकतं, तिथं आतून चिरा जातात. त्या बाहेरून दिसत नाहीत, म्हणून लाकूड उतरवून फोटो देणारा विक्रेता मला सोन्यासारखा. ईशापूरच्या रायफलीत त्या भागात आडवा स्क्रू असतो, लाकूड फुटू नये म्हणून मारलेला. एकानं त्याचा फोटो टाकून 'कुणीतरी घरगुती दुरुस्ती केली आहे' असं लिहिलं होतं! फॅक्टरीचंच काम होतं ते.

मॅगझिनकडे मी सर्वांत आधी बघतो. टू-ए-वनचं बारा काडतुसांचं, चौकोनी कोपऱ्यांचं असतं. थ्री-नॉट-थ्रीचं दहाचं, खालून तिरकं. मूळचं हरवलं की पुष्कळ जण जुनंच घुसवतात, कारण बारावालं सुटं शोधायला गेलं तर सापडत नाही आणि सापडलं तर भाव ऐकवत नाही.

मग विकणाऱ्यांचं गद्य. 'आजोबांच्या इस्टेटीतून आली, मला बंदुकीतलं कळत नाही.' खरंही असेल. पण त्याच्या बाकीच्या लिलावांत आणखी पंचवीस रायफली दिसल्या, तर आजोबा बरेच झाले म्हणायचे. 'वयाच्या मानानं बोअर चांगला', म्हणजे नळीच्या आत काळोख आहे. 'लाकूड साफ केलंय', म्हणजे सँडपेपर मारलाय, त्याबरोबर ठसेही गेले; लाकडाची कड लोखंडाच्या पातळीखाली गेलेली दिसते. 'नव्यानं ब्लूइंग केलंय', म्हणजे लोखंडावर निळसर-काळा थर चढवलाय, असं असेल तर कोरलेल्या अक्षरांच्या कडा मोठ्या करून बघायच्या. बोथट असल्या तर गंज घासून वर रंग चढवलाय. आणि 'दुर्मीळ इंडियन जंगल कार्बाइन' दिसली की मी पान बंद करतो. या रायफलींची नळी आखूड करून, पुढं फनेलसारखं तोंड लावून इथल्याच कंपन्यांनी त्या विकल्या. भारतीय लष्करात असलं काही नव्हतं. हौसेनं घ्यायची तर घ्या, पण इतिहास म्हणून जादा पैसे मोजू नका.

माझी रायफल १९६७ ची. मला पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त माणसाकडून मिळाली. त्याच्या जाहिरातीत चार ओळी होत्या आणि चोवीस फोटो. मी बोअरमध्ये दिवा टाकून फोटो मागितला, त्यानं दोन्ही टोकांकडून काढून पाठवला, आणि आपण होऊन कळवलं की मागच्या दस्त्यावर टाचेपाशी एक बारीक चीर आहे. असा माणूस भेटला की मी आकडा थोडा वाढवतो.

४६५ डॉलरला सुटली. हा आकडा मात्र भुलवणारा. पाठवणीचे ४५, कार्डानं दिले म्हणून वर तीन टक्के, ओहायोचा ५.७५ टक्के विक्रीकर आणि त्यावर काउंटीचा, शिवाय दुकानदाराची ट्रान्सफर फी ३०. सगळं मिळून ५९० च्या घरात. पेपाल बंदुकांच्या व्यवहाराला चालत नाही; जुने विक्रेते अजून पोस्टाची मनी ऑर्डर मागतात आणि त्यावर तीन टक्के सोडतात. ती सूट घ्यायला हरकत नसते, फक्त पोस्टात रांग लावावी लागते.

दुकानात खोकं उघडताना एक पथ्य पाळायचं: फॉर्म भरायच्या आधी रायफल नीट तपासून घ्यायची. वापरलेल्या बंदुकीला विक्रेते बहुधा तीन दिवसांची तपासणीची मुदत देतात, पण एकदा ती कायद्यानं तुमच्या नावावर झाली की परत घ्यायला कुणी तयार होत नाही. आमचा दुकानदार यात सरावलेला आहे. त्यानं काउंटरवर फडकं पसरलं, मी बोल्ट काढला, नंबर ताडले, नळीतून खिडकीकडे पाहिलं. रिसीव्हरपाशी कोरलेलं 'आरएफआय' आणि त्यावर आपले अशोकस्तंभाचे सिंह. "हे सिंह कुठले?" त्यानं विचारलं. मी खिशातून दहाची नोट काढून दाखवली; प्रवासातून परत आल्यापासून ती पाकिटातच होती. त्याला इतकी गंमत वाटली की पुढच्या गिऱ्हाइकालाही त्यानं ती दाखवली.

रेंजवर ती कशी चालते हा वेगळा विषय आहे. इतकंच सांगतो, की बाजारातली .३०८ विंचेस्टरची जोरकस काडतुसं मी तिच्यात घालत नाही, ७.६२ नाटोच्या साध्या मालावरच राहतो. या दोन्हींच्या दाबावरून इथले लोक तासन्‌तास भांडतात. साठीकडे चाललेल्या रायफलीला मला तो वाद ऐकवायचा नाही.

हा नाद लागल्यावर मी 'क्युरिओ अँड रेलिक'चं लायसन्स काढलं. तीन वर्षांना ३० डॉलर. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली बंदूक या लायसन्सवर थेट घरी मागवता येते. त्याबदल्यात आली-गेली नोंदवायची वही ठेवावी लागते आणि ती तपासायला अधिकारी मागू शकतात. म्हणजे चुलतभावाचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, हे त्याला सांगायचं राहिलंय. १९७४ च्या टू-ए-वन २०२४ त या वर्गात आल्या.

आमच्याच राज्यात, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम या नागरिकांच्या नेमबाजीसाठीच्या संस्थेचं दुकान आहे. त्यांचाही ऑनलाइन लिलाव असतो, तिथं अमेरिकन लष्कराच्या जुन्या एम-वन गॅरंड रायफली मिळतात. पण खरेदीला नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. शिवाय संलग्न क्लबचं सभासदत्व आणि नेमबाजी केल्याचा पुरावा. ग्रेड ठरवणारे तिथले लोक मोजमाप करून लिहितात, आजोबांच्या गोष्टी सांगत नाहीत. जाहिराती वाचायची मजा त्यामुळे कमी, पण झोप शांत लागते.

सध्या माझी नजर ईशापूरच्याच .४१० मस्केटवर आहे. पोलिसांसाठी, पहारेकऱ्यांसाठी थ्री-नॉट-थ्रीची नळी गुळगुळीत करून केलेली एकबारी. विकणारा तिला बिनधास्त '.४१० शॉटगन' म्हणतोय. मूळच्या मस्केटचं काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीवर बेतलेलं होतं, दुकानात मिळणारं .४१० त्यात बसत नाही. इथं आल्यावर काहींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बदलले, काहींचे नाहीत. ही कुठली, ते फोटोंवरून कळत नाही. मी चेंबरचा साचा घेऊन मापं पाठवा असं लिहिलंय, त्यावर त्यानं लाकडाचे आणखी तीन फोटो पाठवले. लिलाव रविवारी रात्री संपतो.