चंद्रकळेतली चेटकीण

काल आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत हॅलोविनची धमाल झाली. यंदा ठरवलं होतं, नवा पोशाख विकत आणायचा नाही. लेकीला चेटकीण व्हायचं होतं. आईची जुनी चंद्रकळा काढली, पण कात्री चालवायचा जीव होईना, मग नुसत्या पिना लावून नेसवली. लाल काठाची चेटकीण अख्ख्या गल्लीत एकच!

प्लास्टिकच्या धाग्यांची कोळिष्टकंही लावली नाहीत, त्यात पाखरं अडकतात. (गॅरेजमधली खरी झाडली नाहीत, तेवढीच सजावट.)

कोरायचा मोठा भोपळा चवीला पाणचट, त्याचे घारगे काही जमत नाहीत. बिया मात्र झकास. गर चोळून काढला, धुऊन फडक्यावर वाळवल्या, तेल-मीठ-तिखट-हिंग लावून ओव्हनमध्ये तडतडेपर्यंत भाजल्या. पाहुणे यायच्या आत ताट रिकामं!

कचऱ्यात टाकलेला भोपळा लँडफिलमध्ये (कचरा पुरतात तिथे) हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. म्हणून आज सकाळी आतलं मेणबत्तीचं मेण खरवडलं, फावड्याने तुकडे केले आणि कंपोस्टात टाकले.

खाऊ मागत दारोदार येणाऱ्या पोरांना द्यायच्या चॉकलेटच्या चकचकीत वेष्टनांवर मात्र तोडगा नाही. सुटा लाडू हातावर ठेवला तर इथले आईबाप पोरांना खाऊ देणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. कुणाला काही सुचतंय का?