केसांसाठी घेतलेली गोळी केसांपुरती राहत नाही

केस गळू लागले की त्वचारोगतज्ज्ञ, पाळी अनियमित झाली की स्त्रीरोगतज्ज्ञ आणि स्तनात गाठ हाताला लागली की शल्यचिकित्सक, अशी आपल्या तक्रारींची वाटणी आपण मनातल्या मनात करून टाकलेली असते. संप्रेरकांना, म्हणजे हार्मोनना, ही वाटणी मान्य नाही. ती रक्तावाटे सगळीकडे पोहोचतात आणि एखाद्या अवयवात त्यांचा परिणाम काय होणार, हे त्या अवयवाच्या पेशींमधील ग्राही, म्हणजे रिसेप्टर, आणि तिथली विकरे, म्हणजे एन्झाइम, ठरवतात. त्यामुळे एका कारणासाठी घेतलेल्या हार्मोनच्या औषधाचा हिशेब दुसऱ्या अवयवांकडेही मागावा लागतो, आणि माझ्या मते तो औषध सुरू करण्यापूर्वीच मागितला पाहिजे.

केसांचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून 5-अल्फा रिडक्टेज नावाच्या विकरामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, तयार होते. हेच डीएचटी हनुवटीवर दाढीचे केस जाड करते आणि डोक्यावर, आनुवंशिक प्रवृत्ती असेल तर, केसांची मुळे हळूहळू बारीक करत नेते. संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवून दिले की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. मात्र टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. आनुवंशिकता आणि संप्रेरक या दोहोंचा मेळ बसल्याशिवाय हे घडत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

फिनास्टेराइड हे औषध त्याच विकराला अडवते. अमेरिकेत 1992 मध्ये ते पुरुषांच्या वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी 5 मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्य झाले आणि 1997 मध्ये केसांसाठी 1 मिलिग्रॅमच्या मात्रेत. मात्रा कमी झाली तरी औषध तेच राहते. डीएचटी घटल्यामुळे काही पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होते किंवा ताठरतेची अडचण येते, आणि क्वचित स्तन दुखू लागतात किंवा वाढतात. प्रोस्टेटसाठी केल्या जाणाऱ्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडाही साधारण निम्म्यावर येतो. केसांच्या गोळीविषयी डॉक्टरांना सांगितलेच नसेल, तर चिंताजनक आकडा निर्धोक भासू शकतो. गर्भवती स्त्रीने, किंवा जिला गर्भधारणा होण्याची शक्यता आहे तिने, या औषधाची फुटलेली गोळी हाताळूही नये, कारण पुरुष गर्भाच्या बाह्य जननेंद्रियांची घडण डीएचटीवर अवलंबून असते.

स्त्रियांमध्ये बाळंतपणानंतर होणारी केसगळती मात्र वेगळ्या कारणाची असते. गरोदरपणात वाढलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ टिकतात. प्रसूतीनंतर ती पातळी एकदम खाली येते आणि दोन ते चार महिन्यांनी ते साठलेले केस एकत्र गळतात. बहुतेकींचे केस वर्षभरात पूर्ववत होतात. त्यासाठी महागडी तेले विकणाऱ्यांना निसर्गाच्या कामाचे श्रेय फुकट मिळते.

स्तनांच्या बाबतीत टॅमॉक्सिफेन हे औषध विलक्षण आहे. स्तनाच्या पेशींमध्ये ते इस्ट्रोजेनला अडवते आणि म्हणून स्तनाच्या कर्करोगात वापरले जाते. पण गर्भाशयाच्या अस्तरावर ते स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. म्हणूनच ते घेणाऱ्या स्त्रीला रजोनिवृत्तीनंतर थोडा जरी रक्तस्राव झाला, तरी त्याची तपासणी टाळता येत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांतही असाच पेच आहे. नुसते इस्ट्रोजेन दिले तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरक देतात. पण अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात याच जोडीचा भाग 2002 मध्ये मुदतीपूर्वी थांबवावा लागला, कारण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. गर्भाशय काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तशी वाढ दिसली नाही. त्या बातमीने जगभर जी भीती पसरली, ती तपशील न पाहता पसरली असे मला वाटते, कारण अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय 60 च्या पुढे होते आणि पन्नाशीच्या आसपास उपचार सुरू करणाऱ्या स्त्रीचा हिशेब वेगळा निघतो.

गर्भनिरोधक संयुक्त गोळ्यांचेही असेच आहे. त्या घेत असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, तर अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून मिळणारे संरक्षण गोळी बंद केल्यावरही अनेक वर्षे टिकते.

व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या तरुणांचा यात सर्वांत मोठा गैरसमज असतो. पुरुषत्वाचे संप्रेरक वाढले म्हणजे प्रजननक्षमताही वाढणार, असे ते धरून चालतात. प्रत्यक्षात बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन पाहून मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना मिळणारे आदेश बंद करते, वृषणांच्या आतले टेस्टोस्टेरॉन घसरते आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा थांबते. पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून याच इंजेक्शनांच्या चाचण्या जागतिक आरोग्य संघटनेने घेतल्या होत्या, यावरून काय ते कळावे. शिवाय जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि छाती पिळदार होण्याऐवजी स्तनांची वाढ होते. औषध थांबवल्यावर शुक्राणू बहुधा परत येतात, पण त्याला अनेक महिने लागतात.

काही औषधे हार्मोनची नसूनही याच यंत्रणेत हात घालतात. मळमळीवरचे डोमपेरिडोन किंवा मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारे संप्रेरक वाढवते. त्यातून पाळी थांबू शकते आणि बाळ नसतानाही स्तनातून दूध येऊ शकते. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद करू नये, विशेषतः मानसिक आजाराची, कारण प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी करून डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा दुसरे औषध देऊ शकतात.