पुराच्या पाण्यातून निघालेली पुढच्या चाकांची बेअरिंगं: माझा अनुभव

जुलै २०२१ च्या पुरात आमची २००४ ची क्वालिस कोल्हापुरात शाहूपुरीत दोन रात्री पाण्यात उभी होती. पाणी निम्म्या चाकापर्यंत चढलं होतं. ब्रेक साफ करणं, मागच्या अॅक्सलचं ऑइल बदलणं ही कामं दोन दिवसांत उरकली. अडलं ते पुढच्या चाकांच्या बेअरिंगांवर, आणि त्यात आठवडा गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. प्रत्येकाचे दोन भाग. रोलर आणि त्यांचा पिंजरा असलेला कोन सुटा निघतो, आणि तो ज्यात फिरतो तो कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. हे बेअरिंग उघडून, धुऊन, बघून परत वापरता येतं. आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तसं होत नाही. तिथं हब ओढून काढताना सगळा जोर बेअरिंगमधल्या बॉलवरून जातो, रिंगेत बारीक खळगे पडतात, त्यामुळे एकदा काढलं की नवंच घालायचं. माझ्या गाडीत मात्र काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे बघून ठरवता येणार होतं.

म्हणून गॅरेजवाल्याला मी आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं, “हब मी आल्याशिवाय उघडू नका.” सकाळी दहाला पोचलो, तर दोन्ही हब उघडलेले आणि चारही कोन डिझेलच्या एकाच ट्रेमध्ये पडलेले. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, कुणालाच सांगता येईना.

मिस्त्री म्हणाला, “साहेब, पुराची गाडी हाय. काय बघत बसायलाय, चारीबी बदलून टाका.”

शेजारच्या मोटारीवर काम करणारा दुसरा म्हणाला, “काय हुतंय, ग्रीस मारा आनी बसवा.”

एकानंही कोन हातात घेऊन बघितला नव्हता. मला दोघांचंही पटलं नाही.

यातली खरी अडचण सांगतो. नवे असताना एकाच नंबरचे कोन कुठल्याही कपात चालतात. पण वर्षानुवर्षं चालले की कोन आणि कप एकमेकांना घासून जमून जातात. जुना कोन दुसऱ्याच्या जुन्या कपात घातला, तर भार नीट पसरत नाही. म्हणून हब उघडायच्या आधीच चार पिशव्या घ्या आणि वर ‘डावं आत’, ‘डावं बाहेर’ असं लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मी स्टूल ओढून ट्रेजवळ बसलो. गॅरेजमधला मुलगा एक कोन बोटात धरून कॉम्प्रेसरच्या हवेनं शिट्टी वाजेपर्यंत फिरवत होता. त्याला तिथंच थांबवलं. ग्रीस नसताना असं फिरवलं तर चांगलं बेअरिंगही खराब होतं, आणि एखादा रोलर सुटून डोळ्यात जाऊ शकतो. हवा मारायचीच असेल तर कोन न फिरू देता मारायची.

चारही कोन परत धुतले, कापडानं कोरडे केले आणि उन्हात नेले. एकेक रोलर फिरवून बघितला. एका मोठ्या कोनाच्या रोलरवर आडव्या काळ्या रेघा होत्या. नखानं ओढलं तर नख अडकत होतं. नुसता डाग असेल आणि नख सरळ सरकत असेल, तर बेअरिंग चालतं. नख अडकलं की ते गेलं, पॉलिश पेपर मारून काही उपयोग नाही. निळसर रंग दिसला तर ते तापून गेलंय असं समजायचं. तसा रंग कुठल्याच कोनावर नव्हता.

मग हबमधले कप बघितले. उजव्या हबच्या आतल्या कपावर तशाच रेघा होत्या, रोलरच्या अंतराअंतरानं. गाडी उभी असताना रोलर जिथं टेकले होते तिथंच पाण्यानं गंज धरला होता. त्या बाजूचं ग्रीस दुधाळ झालं होतं आणि सीलची, म्हणजे पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याची, कड कडक होऊन चिरली होती. म्हणजे पाणी तिथूनच शिरलं. रेघांवरून उजवं आतलं ओळखू आलं, आणि उरलेलं मोठं डावं हे आपोआप ठरलं. ते स्वच्छ होतं, त्याचा कपही स्वच्छ होता. ते मी ठेवलं.

बाहेरचे दोन लहान कोन मात्र सारखेच चकचकीत निघाले. कपही तसेच. कुठला कुणाचा, याची एकही खूण नाही. तासभर उलटसुलट करून बघितलं. शेवटी दोन्ही कप काढून नवे सेट घालायचं ठरवलं. दोन धडधाकट बेअरिंगं फक्त एका ट्रेपायी गेली. नवा कोन जुन्या कपात घालायचा नाही, हेही तिथं भांडून सांगावं लागलं.

माल मिळेना. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडल्यावर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला होता, तो सुरू होऊनही पुण्याचा माल रखडलेला. एका दुकानात अर्ध्या किमतीत मिळत होतं, पण खोक्यावरची छपाई पुसट होती आणि कोनावर कोरलेला नंबर तिरका. परत दिलं. जुन्या कोनावरचा नंबर लिहून न्या. नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर काहीही हातात पडतं. सील मात्र दोन्हीकडे नवीच घ्या. आतलं बेअरिंग काढताना जुनी सील तशीही खराब होते.

चौथ्या दिवशी माल आला. बसवताना मी शेजारी उभा होतो. जुनं ग्रीस पूर्ण पुसून काढलं, कारण दोन जातींची ग्रीसं एकत्र झाली तर पातळ होऊन वाहू शकतात. तळहातावर ग्रीस घेऊन कोनाची रुंद बाजू त्यावर दाबत राहायचं, पलीकडून रोलरांमधून वर येईपर्यंत. बेअरिंग धरून ठेवणारा नट हब फिरवत फिरवत आवळायचा, मग सैल करायचा, मग बेताचा घट्ट करून पिन घालायची. मिस्त्री पान्यानं करकचून आवळायला निघाला होता. तसं केलं की बेअरिंग तापतं.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यापर्यंत जाऊन आलो आणि दोन्ही हबना हात लावला. सारखेच कोमट होते. जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. गाडी साठच्या वेगात असताना घुमल्यासारखा आवाज आला, तर स्टिअरिंग हलकेच उजवीकडे वळवून बघा. आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग गेलंय, कारण वळताना भार तिकडे जातो. मी तसं बघितलं. डावीकडचं ते जुनं बेअरिंग गप्प होतं.