तुम्ही विचारलंत म्हणून: वायनरीतलं शिल्प बघतं कोण?

मुंबईच्या दारूखाना भागातल्या माझ्या वर्कशॉपवर आलेला जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. कलामहाविद्यालयातली मुलं आडून विचारतात, गिरगावातली आत्या थेट. "अरे, एवढं लोखंड नाशिककडे उभं केलंस, ते तिथे बघतं कोण? येणारे सगळे प्यायलाच येतात ना?" तिचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: मानधन पैशांत मिळालं की बाटल्यांत?

त्याचं उत्तर आधी देतो. पैशांत मिळालं, हप्त्याहप्त्याने, आणि शेवटचा हप्ता बराच रखडला. पण आत्याची शंका अगदीच हवेतली नाही. फ्रान्समधल्या शातो मुताँ रोथशिल्ड या वायनरीच्या बाटलीवर १९४५ पासून जवळपास दरवर्षी एकेका कलावंताचं चित्र छापतात. १९७३च्या वाइनवर पिकासो आहे, २००९च्या वाइनवर मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर. तिथे चित्रकाराला मोबदला म्हणून वाइनच्या पेट्याच देण्याची रीत आहे. हे आत्याला सांगितलं नाही.

आता मूळ प्रश्न.

दिंडोरीकडची ही छोटी वायनरी फेब्रुवारीत महोत्सव भरवते, ऐन तोडणीच्या दिवसांत. दरवर्षी त्याला एक विषय असतो आणि तो ठरवते लोअर परळमधली एक जाहिरात एजन्सी. यंदा त्यांनी ठरवलं: 'पाऊस'. बैठकीत पडद्यावर मरीन ड्राइव्हच्या लाटा, रंगीत छत्र्या, वाफाळता चहा. माझं आजोळ निफाडचं. मामांच्या घरी या दिवसांत पावसाचं नाव काढायचीही चोरी असायची.

द्राक्षाची बाग पावसाला चुकवून चालते. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना घडांसाठी गोडी छाटणी, मग फुलोरा, मणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात. मण्यांत साखर भरल्यावर आला तर मणी तडकतात. गारा पडल्या तर बोलायलाच नको. वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा बारीक, जाड सालीची आणि बियांची असली, तरी अवकाळीपुढे त्यांचंही काही चालत नाही.

मी विषय बदला म्हटलं नाही. उलट म्हटलं, हाच ठेवा. फक्त शिल्प फाटकाच्या आत, टेस्टिंग रूमसमोर नको, बाहेर रस्त्याच्या वळणावर हवं. आत जायला तिकीट लागतं, वळणावरून सगळा तालुका जातो. यावर मालकांशी भरपूर घासाघीस झाली, कारण त्यांना फोटो काढायची जागा आत हवी होती. शेवटी आत छत्र्यांची कमान उभी राहिली आणि शिल्प रस्त्यावर गेलं. कमान माझी नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

मग मुंबईतच का नाही केलंस, असंही विचारतात. काळा घोडा महोत्सवात मी काम केलंय, १९९९ पासून तो भरतो, आणि तिथल्या गर्दीला नावं ठेवणार नाही. पण नऊ दिवसांनी सगळं उतरवायचं. कायमचं काही उभं करायचं तर काय वेळ लागतो, ते त्या घोड्यालाच विचारा. मुंबईतल्या काळा घोडा चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं, तो राजा एडवर्डसकट जुन्या घोड्याचा पुतळा १९६५ साली तिथून हलवला, तो पुढे राणीच्या बागेत. नवा, स्वाराविना घोडा आला २०१७ साली. मधली पन्नासएक वर्षं चौक नुसत्या नावावर चालला.

शिल्पाचं सामान मळ्यातलंच घेतलं. वाकले म्हणून काढून टाकलेले वाय अँगल, म्हणजे वेलींचा मांडव पेलणारे Y आकाराचे लोखंडी खांब, जुनी तार, रिकाम्या बाटल्यांचे कापलेले बूड. अँगलवरून तारा खाली सोडल्या, तारांना हिरवे थेंब. एकही थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही, सगळे डोक्याच्या वर हातभर थबकलेले. तारा जोडायला वेल्डिंग चालत नव्हतं. जस्ताचा थर असलेल्या तारेला वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. माझे वेल्डर त्याला चांगलेच ओळखून आहेत. मग मळ्याच्या मुकादमांनी मांडवाची तार ताणून पीळ कसा घालायचा ते दाखवलं आणि अर्धं काम त्यांच्याच माणसांनी केलं. काच चमकते म्हटल्यावर ते खूश. "बरं झालं भाऊ, पाखरं बुजतील." त्यांच्या चमकदार फितींचं काम आता माझं शिल्प करतं. एवढी उपयुक्त टीका मला कुठल्या समीक्षकाने दिलेली नाही.

अनावरणाला पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड अँगलला अडकलं, शेवटी शिडी आणावी लागली. आत डीजे सुरू, हौदात पर्यटक द्राक्षं तुडवत होते. (त्या द्राक्षांची वाइन होत नाही, काळजी नसावी.) मुंबईची मंडळी बाहेर येऊन "किती शांत वाटतं" म्हणून गेली. सांताक्रूझजवळच्या कलिन्याचे एक गृहस्थ मात्र थेंबांखाली उभे राहायला तयार होईनात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणीच्या मजुरांची पिकअप वळणावर थांबली. पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला आलेल्या बायका उतरल्या, थेंबांखालून फिरल्या, एकीने हात उंचावून थेंब लागतो का पाहिलं. लागत नव्हता. त्यातली वयाने मोठी बाई वर बघून थेंबांनाच म्हणाली, "तिथंच ऱ्हाय बाबा, खाली नको येऊ." बाकीच्या हसल्या आणि पाटी-कात्री घेऊन कामाला गेल्या. आत्या, हे बघतात.

पुढच्या वर्षीचा विषय एजन्सीने कळवलाय: 'चांदणं'. वाइनची द्राक्षं उन्हाच्या आत, गारव्यात तोडलेली बरी, म्हणून तोडणी पहाटे अंधारातच सुरू होते. मी एजन्सीला अजून उत्तर दिलेलं नाही. मुकादमांना फोन केलाय.