भिंतीवरचं पत्र वाचता यायला हवं

लेखकांच्या जुन्या पत्रांच्या प्रतिकृती घरात लावायच्या असतील तर आधी एक पक्कं करा: पत्र वाचायचं असतं. कागद, काच, उंची, जागा सगळं त्यावरून ठरतं. 'अँटिक' म्हणून विकली जाणारी कडा जाळलेली तपकिरी पानं मी कुणालाच सुचवणार नाही, कारण त्यांत काय लिहिलंय ते जवळ जाऊनही कळत नाही.

निवडीसाठी लांब जायला नको. लोकहितवादींची १०८ शतपत्रं १८४८ पासून मुंबईच्याच 'प्रभाकर' साप्ताहिकात छापून आली. मराठी ग्रंथकार सभेला जोतीराव फुल्यांनी १८८५ साली धाडलेलं उत्तर तर प्रत्येक मराठी घरात असावं इतकं थेट आहे. सर्वांचे मानवी हक्क जे खुशीनं मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. जालियनवाला बागेनंतर मे १९१९ मध्ये 'सर' ही पदवी सोडताना टागोरांनी व्हाइसरॉयला लिहिलेलं पत्रही घ्यावं. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोलाचं १३ जानेवारी १८९८ चं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेलं पत्र मात्र वर्तमानपत्राचं पान आहे. ए-३ वर त्याची अक्षरं मुंगीएवढी होतात, ए-२ हवाच.

हक्कांचंही बघावं लागतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेला मजकूर मोकळा आहे. जी. ए. कुलकर्ण्यांची पत्रं त्यांच्या निधनानंतर छापली गेली, तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे ती छापून भेट देणं किंवा विकणं नको.

मूळ हस्ताक्षर उपलब्ध नसेल तर ते बनवू नका. संगणकावरचा 'हस्तलिखित' फाँट वापरून फुल्यांचं पत्र सजवणं म्हणजे त्यांच्या नावावर खोटं अक्षर खपवणं. समग्र वाङ्मयातून मजकूर घ्या, साध्या देवनागरी टाइपात १४ पॉइंटला जुळवा, ओळींमध्ये भरपूर जागा सोडा आणि खाली साल घाला.

हस्ताक्षराचं स्कॅन मिळालं तर ते मूळ आकारातच छापा. पत्र पोस्टरएवढं केलं की त्याचं पत्रपण जातं. इंचाला ३०० ठिपके या हिशेबानं ए-४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. हजार पिक्सेल रुंदीचं चित्र त्याच आकारात ताणलं की इंचाला जेमतेम १२० ठिपके उरतात आणि बोरूच्या बारीक रेघा फुटतात. व्हॉट्सअॅपवर फाइल मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच मागवा, फोटो म्हणून आली की ती दाबली जाते. मोडी पत्राखाली बालबोध लिप्यंतर हवंच. इंग्रज कवी कीट्सच्या काळातल्या काही इंग्रजी पत्रांत पान आडवं करून लिहिलेल्या ओळींवरच पुन्हा लिहिलेलं दिसतं. १८४० पूर्वी तिथे टपालखर्च पानांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरायचा, म्हणून ही काटकसर. दिसायला सुंदर, पण शेजारी छापील मजकूर नसेल तर ती नुसती जाळी.

छपाईत सगळ्यात जास्त फसगत रंगाची होते. स्कॅनमधला पिवळसर कागद तसाच ठेवून क्रीम कागदावर छापलं की पिवळ्यावर पिवळं चढून पान मळकट दिसतं. एकतर पार्श्वभूमी तशीच ठेवून पांढऱ्या कॉटन कागदावर छापा, नाहीतर ती पुसून फक्त अक्षरं क्रीम कागदावर घ्या. शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची मागा. डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई मुंबईच्या दमट हवेत पसरते आणि उन्हात लवकर उडते. कागद चहात बुडवून जुना करणं टाळा: तो वेडावाकडा वाळतो, आणि नीट वाळला नाही तर पावसाळ्यात बुरशी धरतो.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावून सांगा. कागद काचेला टेकता कामा नये, म्हणून अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे पत्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट घाला, तीन बाजूंना ६ सेंमी आणि खाली ७. हवा सादळली की टेकलेला कागद काचेला चिकटतो, मग सोडवताना शाई काचेवरच राहते. दुसरं, पत्र चारही बाजूंनी चिकटवायचं नाही. कागद दमट हवेत फुगतो, त्याला सरकायला जागा नसली की पोट येतं. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावल्या की पुरतं. सेलोटेप कधीच नको, तिचा चीक कागदात उतरून डाग पाडतो. तिसरं, मागे हार्डबोर्डऐवजी ३ मिमी सनबोर्ड (प्लॅस्टिक फोमची पाटी) लावा, तो ओल पीत नाही. चकाकी घालवणारी मॅट काच मोहात पाडते, पण कागदापासून थोडी दूर गेली की तिच्यातून अक्षरं धूसर दिसतात. साधी २ मिमी काच घ्या आणि फ्रेम खिडकीसमोर लावू नका.

जागा म्हणाल तर माणूस जिथे उभा राहतो ती: पॅसेज, पुस्तकांच्या कपाटाशेजारी. फ्रेमचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर ठेवा. सोफ्यावर लावलेलं पत्र वाचायला पाहुण्याच्या अंगावर ओणवं व्हावं लागतं. पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा, पावसाचा मारा तिथेच असतो. भाड्याच्या घरात चिकटणारे हुक डिस्टेंपरवर टिकत नाहीत, रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून येतात. घरमालकाची परवानगी काढून ६ मिमीचं भोक पाडून गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) बसवणं बरं. हुक दोन लावा, रेल्वेलगतच्या इमारतीत एका हुकावरची फ्रेम हादऱ्यांनी तिरकी होत राहते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा म्हणजे भिंतीशी हवा खेळेल. आणि गणपती उरकले की प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. सनबोर्डवर काळे ठिपके दिसले तर फ्रेम उघडून कोरड्या खोलीत पंख्याखाली दिवसभर ठेवा आणि भिंतीची ओल निघेपर्यंत ती जागा रिकामीच राहू द्या.