जिवावरचं माडावर

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि एका दुपारीत दिवेआगरातल्या माझ्या मित्राची वाडी आडवी झाली. वीस गुंठे, नारळ आणि सुपारीच्या पोफळी, बहुतेक आजोबांनी लावलेल्या. फोन लागेना म्हणून चौथ्या दिवशी मीच गेलो. मोटारसायकलवर बसून वाटभर एक वाक्य घोटत होतो. "जिवावरचं माडावर निभावलं बघ!"

तो म्हणाला, "तू सतरावा."

मग मी गप्प बसलो. त्याने पायानेच एक झावळी माझ्याकडे सरकवली, हातात सुरी दिली. खराट्यांसाठी हीर काढायचे. पात उभी धरायची, दोन्ही कडांनी सोलत यायचं, मधली काडी वेगळी करायची. ऐकायला सोपं आहे. माझे हीर निम्म्यात मोडत होते आणि तो ते न बोलता बाजूला टाकत होता. एरवी माझ्या आळशीपणावर बोलल्याशिवाय ज्याचा चहा घशाखाली उतरत नाही, तो!

नंतर दर रविवारी जायला लागलो. वीज नाही, पंखा नाही, ओसरीवर आम्ही दोघं आणि झावळ्यांचा ढीग. सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले त्या आठवड्यात तो एकदाच बोलला. "गुंठ्याला पाचशे. म्हणजे माझे दहा हजार. आता लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं, माड धरायला त्याहून जास्त." मला उत्तर येत नव्हतं. मी पुढची पात उचलली. (खराटे अकरा झाले. एकही धड नाही. माझ्या बायकोने त्यातला एक अजून ठेवलाय, पालींसाठी.)

नारळी पौर्णिमा आली ती नेमकी 3 ऑगस्टला, वादळाला बरोबर दोन महिने. पडलेले नारळ त्याने केव्हाच मिळेल त्या भावाने काढून टाकले होते. समुद्राला वाहायला नारळ हवा, म्हणून आम्ही बाजारात गेलो. वाडीवाला माणूस, नारळ विकत घ्यायला! दुकानापाशी मी मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहिलो.

त्याने एक नारळ उचलला, कानापाशी हलवला, ठेवला. दुसरा ठेवला. तिसऱ्यावर नख वाजवलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हे नारळ म्हणायचे? आणि वर पैसे मागतोस?"

दुकानदार चिडला. मी मात्र इतका हसलो की मास्क खाली घसरला.