१९ फेब्रुवारी १६३० ला वार कोणता होता?

मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागे मागे जाऊन १९ फेब्रुवारी १६३० काढली, तर तिथे मंगळवार दिसतो. शिवजन्माची नोंद मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. दरवर्षी शिवजयंतीच्या सुमाराला हा फरक कुणाच्या तरी नजरेला पडतो आणि 'तारीखच चुकीची' असा निकाल लागतो. तारीख चुकलेली नाही. मोबाइल ग्रेगरियन, म्हणजे आजची मोजणी तशीच मागे ताणतो आणि १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे त्याआधीच्या जुन्या मोजणीची तारीख आहे. तिच्यात दहा दिवस मिळवा, १ मार्च १६३० येते. आता मोबाइलमध्ये १ मार्च पाहा: शुक्रवार.

रोजचा दिनविशेष लिहिणाऱ्याने सगळ्यात आधी वार तपासावा, असं मी म्हणतो ते यासाठीच. कालगणना बदलली, तारखा उड्या मारून पुढे गेल्या, पण वारांची साखळी कुठेच तुटली नाही. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले तेव्हाही ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवारच आला. मूळ कागदात वार दिलेला असेल तर तो सोन्यासारखा जपायचा.

आपल्याकडे घोळ जास्त होतो, कारण एकाच काळात एकाच किनाऱ्यावर दोन युरोपीय मोजण्या चालू होत्या. गोव्याचे पोर्तुगीज नवी, म्हणजे ग्रेगरियन तारीख घालत. सुरत, मुंबई, राजापूरचे इंग्रज थेट १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन तारखेला चिकटून होते. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. त्यामुळे एकाच घटनेवर गोव्याचं पत्र आणि मुंबईचं पत्र वेगवेगळी तारीख सांगतं, आणि दोन्ही खरी असतात. वसईचं उदाहरण घ्या. चिमाजी अप्पांपुढे पोर्तुगीजांनी शरणागतीचा तह केला तो १६ मे १७३९ ला आणि किल्ल्याचा ताबा मिळाला २३ मे ला. जुन्या मोजणीत याच तारखा ५ मे आणि १२ मे होतात. चार तारखा वाचून गोंधळायचं कारण नाही, घटना दोनच आहेत.

इथे फरक दहाचा नाही, अकराचा आहे, हे लक्षात आलं असेल. १७०० हे वर्ष ज्युलियन मोजणीत लीप होतं, ग्रेगरियनमध्ये नव्हतं. म्हणून ज्युलियन २८ फेब्रुवारी १७०० पर्यंत दहा मिळवायचे, त्यापुढे अकरा. शिवकाळाला दहा, बाजीरावाच्या काळाला अकरा, एवढं पाठ असलं तरी बरंच काम भागतं. थोरल्या बाजीरावाचा मृत्यू रावेरखेडीला वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२ ला झाला. पुस्तकांत २८ एप्रिल १७४० दिसते ती ज्युलियन, आजच्या मोजणीने ९ मे. चंद्रावरूनही पडताळता येतं: त्या वर्षी २६ एप्रिलला (ग्रेगरियन) अमावस्या होती, तिथून तेरावी तिथी ९ मेच्याच आसपास पडते. २८ एप्रिल ग्रेगरियन समजलात तर चंद्र नुकता द्वितीयेच्या सुमाराला असेल आणि त्रयोदशी जुळणारच नाही.

इंग्रजी कागदांत आणखी एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. १७५२ आधी इंग्रजांचं अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या पत्रावर आपल्या हिशेबाने मागचं वर्ष पडलेलं असतं. महाराजांनी सुरत पहिल्यांदा लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण तिथल्या इंग्रजांच्या लेखी तो जानेवारी १६६३ होता. जाणकार संपादक म्हणूनच १६६३/६४ असं जोडवर्ष छापतात. त्यातला पहिला आकडा उचलून कुणी दिनविशेष केला, की अख्खं वर्ष हुकतं.

आता शकाकडे. शकात ७८ मिळवा, असं शाळेत शिकवतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर आहे. पण शकाचं वर्ष पाडव्याला बदलतं, त्यामुळे १ जानेवारी ते फाल्गुन अमावास्या या टप्प्यात ७९ मिळवावे लागतात. महाराजांच्या आयुष्याची दोन टोकं याला पुरेशी आहेत. जन्म फाल्गुनातला: १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. निधन चैत्र पौर्णिमेचं, शके १६०२: अधिक ७८, म्हणजे १६८०. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या शके १६१० च्या फाल्गुन अमावास्येला, ११ मार्च १६८९ ला झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा, शके १६११. एका रात्रीत मिळवायचा आकडा ७९ वरून ७८ होतो. आणि हो, महिन्याचं नाव उचलताना प्रांत पाहा. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. आपल्या फाल्गुन वद्य तृतीयेला तिकडे चैत्र कृष्ण तृतीया म्हणतात. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, वद्यात पडतो.

राज्याभिषेकाची नोंद मला या सगळ्यांत फार आवडते. ६ जून १६७४ (ज्युलियन), ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हे सर्वांना माहीत आहे. जेधे घराण्याकडच्या घटनांच्या जुन्या यादीत, जेधे शकावलीत, मात्र द्वादशी, शुक्रवार आहे. विसंगती? तिच्यापुढचे शब्द वाचा: तीन घटका रात्र उरली तेव्हा महाराज सिंहासनी बैसले. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला सुमारे ७२ मिनिटं बाकी होती. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अजून शुक्रवारच चालू होता. मध्यरात्रीला दिवस बदलणाऱ्या मोजणीत शनिवार लागून गेला होता. पहाटेच्या त्या काळोखात मुहूर्त साधला गेला, हे या एका वाराच्या फरकामुळे आजही कळतं.

पेशवाईच्या पत्रांत शकाऐवजी बहुधा शुहूर सन ही वेगळी वर्षमोजणी असते, तीही अरबी शब्दांत. 'इहिदे सित्तैन मया व अलफ' हे उलटीकडून, एककापासून वाचायचं: एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. हे वर्ष सूर्य मृगात शिरतो तेव्हा सुरू होतं, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११६१ हे १७६०-६१, पानिपताचं वर्ष.

पानिपताचा दिवस १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. इंग्रजही तोवर नव्या मोजणीवर आले होते, त्यामुळे इथे काहीही मिळवायचं नाही. पण १४ जानेवारी दिसली की लोक 'ऐन संक्रांतीला' असं लिहून मोकळे होतात. संक्रांत १४ तारखेला कायमची बांधलेली नाही, साधारण सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला होती, स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवशीचा. १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास येऊन गेली होती. मराठ्यांवर संक्रांत कोसळली हे वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, दिनविशेषात तो सण त्या दिवशी घालू नये.

एकोणिसाव्या शतकापासून हा त्रास जवळजवळ संपतो. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३, शनिवार: मोबाइलही शनिवारच दाखवतो. रशियातली घटना असेल तरच सावध राहा. तिथली २५ ऑक्टोबर १९१७ ची क्रांती आपल्या ७ नोव्हेंबरची, कारण तोवर फरक तेरा दिवसांवर गेला होता.

नोंद लिहिताना रूढ तारीख बदलू नका, लोक तीच शोधतात. तिथी, शक, वार आणि मोजणी शेजारी द्या. 'बाजीराव पेशव्यांचे निधन, रावेरखेडी, वैशाख शुद्ध १३, शके १६६२; २८ एप्रिल १७४० (ज्युलियन), ९ मे १७४० (ग्रेगरियन)'. एवढ्या एका ओळीवरून वाचणारा स्वतः पडताळा घेऊ शकतो.